दृष्टीआड तवंग

मेक्सिकोच्या आखातात वॉलरस नाहीत. हातभर सुळे, राठ मिशा आणि अंगभर चरबी असा हा प्राणी आर्क्टिकच्या बर्फावर लोळतो. आखाताच्या कोमट पाण्यात त्याला कुणी पाहिलेलं नाही. तरीही ‘इथे तेल सांडलं तर आम्ही काय करू’ याचा जो आराखडा बीपी कंपनीनं अमेरिकी सरकारला दिला होता, त्यात जपायच्या प्राण्यांच्या यादीत वॉलरस होता. सोबतीला सी लायन, सील आणि समुद्री ऑटर. आराखडा ५८२ पानांचा. अडीअडचणीला ज्यांना फोन करायचा, त्या तज्ज्ञांत एक प्राध्यापक होते. ते २००५ मध्येच वारले होते आणि आराखडा होता २००९ चा. सरकारनं तो वाचला असं म्हणवत नाही. मंजूर मात्र केला.

२० एप्रिल २०१० ला आखातात बीपीसाठी विहीर खोदणारं डीपवॉटर होरायझन हे तरंगतं व्यासपीठ पेटलं, ११ माणसं गेली आणि पुढचे ८७ दिवस समुद्राच्या तळातून तेल उसळत राहिलं. जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे सुनावणी झाली तेव्हा कळलं की वॉलरस एकट्या बीपीचा नव्हता. आणखी बड्या कंपन्यांच्या आराखड्यांतही तो होता, कारण सगळ्यांचा मजकूर जवळपास शब्दशः तोच होता. दहावीच्या पोरांनी हे केलं असतं तर बोर्डानं कॉपीची केस करून केंद्रच रद्द केलं असतं. इथे मात्र आखातात तेलविहिरी खोदायचे परवाने मिळाले.

माझा वॉलरसवर राग नाही. उलट त्याची बाजू घ्यावीशी वाटते. आराखडा लिहिणाऱ्याला डोळ्यांपुढे आणता येईल असा एखादा दणदणीत प्राणी लागतो, आणि वॉलरस त्या कामाला उत्तम. खरं तेल ज्यांच्या डोक्यावर पडणार होतं ते होते ट्यूनाची अंडी, कोलंबीची पिल्लं, तांदळाच्या दाण्याहून बारीक कोपेपॉड. यांना मिशा नाहीत. फोटो काढायचा तर आधी सूक्ष्मदर्शक लागतो. तेलगळतीच्या जगभरच्या कारभारात एकच नियम इमानेइतबारे पाळला जातो. जे दिसतं ते पुसायचं आणि जे दिसत नाही ते झालंच नाही असं धरायचं.

हा नियम घालून दिला इंग्रजांनी. १८ मार्च १९६७ ला टोरी कॅन्यन नावाचा टँकर कुवेतचं सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल घेऊन वेल्सकडे निघाला होता. वेळ वाचवायला कप्तानानं सिली बेटं आणि कॉर्नवॉल यांच्यामधली जवळची वाट धरली आणि टँकर सेव्हन स्टोन्सच्या खडकांवर चढवला. इतकं तेल समुद्रात सांडल्याचा अनुभव तोवर कुणालाच नव्हता. मग सरकारनं जे सरकारला येतं ते केलं. लढाऊ विमानं पाठवून आपल्याच किनाऱ्यासमोर बाँब टाकले, वर इंधन आणि नेपाम ओतलं, म्हणजे तेल जळून तरी जाईल. जहाज खडकावर बसलेलं, जागचं हलत नव्हतं. तरीही कित्येक बाँब चुकले. पलीकडे फ्रेंचांनी बिस्केच्या उपसागरात खडूची पूड टाकून तेल तळाला बुडवलं. वरून समुद्र निळा झाला. तळाला जे राहत होते त्यांचं मत कुणी घेतलं नाही.

पण खरी कामगिरी बजावली डिटर्जंटनं. जहाजांच्या इंजिनघरातलं ग्रीस काढायला वापरायची रसायनं. ती सुमारे १० हजार टन कॉर्नवॉलच्या समुद्रात आणि खडकांवर ओतली. सर्वाधिक वापरलेलं डिटर्जंट बीपीचं होतं, आणि टँकर भाड्यानं घेतला होता तोही बीपीनंच. सांडायचं आणि धुवायचं, दोन्ही सामान एकाच दुकानातलं.

आता तुपाचं भांडं साबणानं घासलं की तूप नाहीसं होत नाही, ते बारीक थेंब होऊन मोरीत जातं. समुद्रात मोरी नसते. थेंब तिथंच राहतात, फक्त वर तरंगायचे ते पाण्यात उतरतात, आणि साबणही त्यांच्यासोबत उतरतो. कॉर्नवॉलच्या खडकांना चिकटून लिम्पेट नावाची टोपीच्या आकाराची गोगलगाय राहते. तिचं काम एकच, खडकावरचं शेवाळ खरवडून खाणं. तेलानं ती थोडी मेली, डिटर्जंटनं सरसकट मेली. मग खडकावर खायला कुणी उरलं नाही आणि शेवाळ असं फोफावलं की किनारे हिरवेगार दिसू लागले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, वा, निसर्ग सावरला! प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेनं वर्षभरात अहवाल दिला की तेलापेक्षा औषधानंच जास्त जीव घेतले. जिथे डिटर्जंट ओतलं त्या खडकांची घडी नीट बसायला दहा ते पंधरा वर्षं लागली. गॉड्रेव्हीचा किनारा मात्र दोन-तीन वर्षांत मार्गी लागला. तिथे कोणती दिव्य उपाययोजना केली होती? काहीच नाही. जवळ सील राहत होते, त्यांना त्रास नको म्हणून डिटर्जंट फवारलंच नव्हतं.

सीलचे आभार मानून इंग्रज विज्ञानानं धडा घेतला. अमेरिकेनं वेगळा घेतला.

२४ मार्च १९८९ ला एक्झॉन वाल्डेझ हा टँकर अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढला आणि सुमारे ३७ हजार टन तेल सांडलं. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले. समुद्री ऑटर, म्हणजे आपल्या पाणमांजराचे चुलते, सुमारे २,८०० मेले. ऑटरच्या अंगावर सीलसारखी चरबी नसते. दाट केसांत कोंडलेली हवा हीच त्याची ऊब. केस तेलानं चिकटले की हवा जाते, आणि मग तो विषानं मरण्याआधी थंडीनं मरतो. अंग चाटून साफ करायला गेला तर विषानंही मरतो. हे टीव्हीवर दिसलं आणि जगाच्या डोळ्यांत पाणी आलं. एक्झॉन कंपनीनं हजारो माणसं किनाऱ्यावर उतरवली आणि हातात गरम पाण्याचे जोरदार फवारे दिले. पाणी साधारण ६० अंशांचं. दगड लख्ख झाले. दगडांवरचे शिंपले, बार्नॅकल आणि सागरी वनस्पती तेलातून वाचल्या होत्या, त्या शिजल्या. शास्त्रज्ञांनी हट्टानं काही पट्टे न धुता राखून ठेवले होते. पुढच्या काही वर्षांच्या नोंदींत जास्त धुतलेल्या पट्ट्यांवरचं जीवन या राखीव पट्ट्यांच्या मागे पडलेलं दिसलं. फवाऱ्याच्या जोरानं बारीक वाळूही वाहून गेली, आणि त्या वाळूत राहणाऱ्या शिवल्यांचं घरच गेलं. धुण्याचा खर्च २०० कोटी डॉलरच्या वर.

आणि तेल? पंधरा-वीस वर्षांनी त्याच किनाऱ्यांवर खड्डे खणले तेव्हा काही ठिकाणी दगडांखाली ते जवळपास ताजं सापडलं. दगडाखाली ऊन पोचत नाही, लाट पोचत नाही, तेल खाणाऱ्या जिवाणूंना लागणारा प्राणवायू पोचत नाही. वरचा दगड मात्र फोटोजोगा. एटी-वन नावाच्या किलर व्हेलच्या कळपात गळतीनंतर एकही नवं पिल्लू आलेलं नाही, आणि हा कळप संपणार हे शास्त्रज्ञांनी मनाशी धरलं आहे. हेरिंग मासा गळतीनंतर चार वर्षांनी, १९९३ मध्ये कोसळला. तेलानं की रोगानं की उपासमारीनं, यावर वाद अजून चालू आहे. असा वाद कंपनीच्या वकिलांना नेहमीच मानवतो. ज्यूरीनं ठोठावलेली ५०० कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुमारे ५० कोटींवर आणली. मधल्या वीस वर्षांत बरेच दावेदार मच्छीमार वारले. एकूण धुलाईत सर्वांत स्वच्छ निघाली ती रक्कम.

बीपीनं यावरून शहाणपण घेतलं. तेल किनाऱ्याला लागलं तर दिसतं, मग किनाऱ्याला लागूच द्यायचं नाही. आखातात त्यांनी कोरेक्सिट नावाचं रसायन सुमारे १८ लाख गॅलन वापरलं. त्यातलं साडेसात लाखांच्या वर थेट तळाशी, दीड किलोमीटर खोल, विहिरीच्या तोंडावर सोडलं. इतक्या खोलीवर हा प्रयोग पूर्वी कुणी केला नव्हता. न्यायानं बोलायचं तर हा निर्णय अगदीच मूर्खपणाचा नव्हता. तवंग दलदलीत घुसला असता तर पाणपक्ष्यांचं आणि गवताच्या मुळांचं जास्त वाटोळं झालं असतं, आणि बारीक थेंब जिवाणू लवकर खातात. पण हा सौदा कुणाच्या बदल्यात कुणाला वाचवण्याचा आहे, हे उघडपणे सांगायला हवं होतं. त्याऐवजी कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड मे महिन्यात म्हणाले की आखात फार मोठं आहे, त्या मानानं आमचं तेल आणि रसायन किरकोळ. आकडेमोड बरोबर होती. फक्त मासे आखातभर सरासरीनं पसरलेले नसतात.

पश्चिम अटलांटिकमधला ब्लूफिन ट्यूना नेमका आखातात, नेमका एप्रिल ते जूनमध्ये अंडी घालतो. अंडी वर तरंगतात. तेलही वर तरंगतं. कच्च्या तेलातली काही संयुगं माशाच्या हृदयाच्या पेशींत कॅल्शियम-पोटॅशियमची जी ये-जा चालते तिच्यात अडथळा आणतात, आणि ठोका चुकतो. हे २०१४ मध्ये ट्यूनाच्याच पेशींवर दाखवलं गेलं. हेरिंग आणि सामनच्या अंड्यांवरचे प्रयोग तेच सांगतात, आणि त्यासाठी पाण्याच्या अब्ज भागांत तेलातले काही भाग पुरतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, पोहतंही. मात्र हृदय जरा वाकडं, छाती सुजलेली, वेग कमी. मोठ्या माशाच्या तोंडातून निसटायला जेवढा वेग लागतो तेवढा नाही. म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर कारण ‘खाल्ला गेला’. त्यातून माशांची आणि कोलंबीची पिल्लं पारदर्शक असतात, आणि तेलातली बहुचक्री संयुगं उन्हात कैकपट विषारी होतात. लपण्यासाठी निसर्गानं दिलेली पारदर्शकता तेलात मात्र विष आतपर्यंत पोचवते. याचा फोटो काढणार कसा?

तळाचं काय झालं, तेही ऐका. पाण्यातले जिवाणू, मेलेलं प्लवक, चिकट स्राव यांचे झुपके समुद्रात सतत खाली झरत असतात. त्याला सागरी हिम म्हणतात. तेल या झुपक्यांना चिकटलं आणि त्यांच्यासोबत खाली जाऊन बसलं. काही महिन्यांनी विहिरीपासून ११ किलोमीटरवर, हजार मीटरहून जास्त खोल, शेकडो वर्षं वयाच्या प्रवाळांवर तपकिरी लगदा साचलेला दिसला. किनाऱ्याजवळ बॅरेटारिया खाडीतल्या डॉल्फिनांची फुप्फुसं बिघडली. तिथल्या गाभण माद्यांपैकी फक्त २० टक्क्यांना जगणारं पिल्लू झालं. निरोगी कळपांत हे प्रमाण ८३ टक्के असतं. आणि वर पाणी? निळं. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत घालावं असं.

परदेशी उखाळ्यापाखाळ्या पुरे. आपलंही या विषयातलं योगदान नगण्य नाही.

७ ऑगस्ट २०१० ला सकाळी न्हावा-शेव्यातून बाहेर पडणारं एमएससी चित्रा आणि मुंबई बंदरात शिरणारं खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. अरबी समुद्र ३८ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पण आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशीच गाठायची रीत आहे. चित्राच्या पोटातून सुमारे ८०० टन तेल गेलं आणि कलंडलेल्या डेकवरून शेकडो कंटेनर गेले. कंटेनरांत बिस्किटं-चहापासून कीटकनाशकापर्यंत सगळं. रायगडच्या किनाऱ्याला बिस्किटंही लागली आणि सरकारी इशारेही लागले की वाहून आलेलं खाऊ नका. त्यात आषाढ संपत आलेला, गटारी दोन-तीन दिवसांवर. पावसाळी मासेमारीबंदीनंतरचा मासळीचा हंगाम सुरू व्हायच्या बेतात. माशात तेल आलंय, ही बातमी तवंगाच्या आधी बाजारात पोचली. बऱ्याच मुंबईकरांनी काही दिवस माशांकडे पाठ फिरवली, आणि त्यांचा तवंगाशी संबंध तेवढ्यापुरताच आला. श्रावण लागल्यावर तर त्यांना पाठ फिरवायचंही पुण्य मिळालं.

इथेही गंमत अशी की माशांतला धोका लोकांना वाटला त्या मानानं कमी होता. माशाचं यकृत तेलातली बरीच संयुगं मोडून पित्तावाटे बाहेर टाकतं. तपासणीत मासा लवकर निर्दोष ठरतो, बाजार पूर्ववत होतो, विषय संपतो. हे काम शिवल्यांना आणि कालवांना फारसं जमत नाही. ते पाणी गाळून जगतात, जे येईल ते साठवतात. चिखलातला निवटा तर आपल्या ओल्या कातडीनंच श्वास घेतो, आणि ती कातडी तेलात लोळते. आणि मुंबईच्या समुद्राचं पाणी मुळात गढूळ, गाळानं भरलेलं. तेलाचे थेंब गाळाच्या कणांना चिकटतात, जड होतात, तळाला बसतात. इथला तळही काही फार खोल नाही. किनाऱ्यापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हायलासुद्धा पाणी जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी मीटर. उथळ आणि गाळाचा समुद्र तेल लवकर लपवतो, आणि नेमकं तिथंच लपवतो जिथे जवळा आणि कोलंबी चरतात. जवळ्याला बोंबील खातो, बोंबलाला आपण खातो. पुढचं सांगायला नको.

तेल तिवरांत शिरलं. तिवराची मुळं चिखलातून बोटभर वर येऊन उभी राहतात, कारण चिखलात हवा नसते. ओहोटी लागली की त्यांच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. त्यावर फर्नेस ऑइलचा थर बसला की छिद्रं बुजतात. झाड लगेच मरत नाही. आधी पानं पिवळी पडतात, मग गळतात, मग एखादी फांदी वाळते. याला आठवडे लागतात, कधी महिने. वाहिन्यांच्या गाड्या तोवर दुसऱ्या किनाऱ्यावर गेलेल्या असतात. आणि तिवरं पुसायला जाणंही धोक्याचं. माणसं चिखलात उतरली की तेल त्यांच्या पायांनी आणखी खोल जातं. फ्लेमिंगोंचं म्हणाल तर ते ऑगस्टमध्ये शिवडीला नसतात, हिवाळ्यात येतात. हे आपलं दुर्दैव. काळ्या तेलात माखलेला एक गुलाबी फ्लेमिंगो पहिल्या पानावर आला असता तर विधानसभेत दोन दिवस काम बंद पडलं असतं. माखलेल्या निवट्याला तेवढा भाव नाही.

तटरक्षक दलानं जहाजं आणली, हेलिकॉप्टर आणि विमान आणलं, तवंगावर तो विखुरणारं रसायन फवारलं. हाताशी होतं ते त्यांनी केलं, त्यांना नावं ठेवत नाही. प्रदूषण आवरण्यासाठीच बांधलेलं आपलं पहिलं खास जहाज, समुद्र प्रहरी, ऑक्टोबर २०१० मध्ये मुंबईतच सेवेत दाखल झालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते इतकं वेळापत्रकाबरहुकूम क्वचितच येतं.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, रॅक कॅरिअर हे जहाज ६० हजार टन कोळसा आणि तीनशेहून जास्त टन इंधन घेऊन मुंबईसमोर वीस-एक सागरी मैलांवर बुडालं. थोडं तेल वर आलं, थोडं जुहूला लागलं, आरडाओरड झाली, थांबली. कोळसा वर येत नाही. तो समंजस असतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, जहाज कंपनीला १०० कोटी भरायला सांगितले.

चेन्नईचं उदाहरण तर संग्रही ठेवण्यासारखं. २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे एन्नोरजवळ दोन जहाजांची टक्कर झाली आणि बंदरानं त्याच दिवशी जाहीर केलं की पर्यावरणाला इजा नाही, तेलप्रदूषण नाही. एवढी झटपट पाहणी शर्लॉक होम्सलाही जमली नसती. मग किनाऱ्यावर काळा चिकट लगदा येऊ लागला. तेलाचा अंदाज चढत गेला आणि अखेर सुमारे २५१ टनांवर थांबला. तो काढला मच्छीमारांनी, मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी. बादल्यांनी, कित्येकांनी नुसत्या हातांनी. मंगळाच्या कक्षेत पहिल्या प्रयत्नात पोचलेल्या देशाचं तेलगळतीवरचं अवजार प्लास्टिकची बादली आहे. ऑलिव्ह रिडले कासवं याच दिवसांत त्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, पण त्यांना प्रसिद्धिपत्रक पाठवलेलं नव्हतं.

या मोठ्या अपघातांचं एक बरं आहे. ते कमी होत चाललेत. १९७० च्या दशकात टँकरांच्या मध्यम-मोठ्या गळत्या वर्षाला सरासरी सत्तरहून जास्त व्हायच्या, आता दहाच्या आत असतात. दुहेरी कवचाची जहाजं आली, नियम कडक झाले, उपग्रहांचे डोळे आले. हे मान्य करायलाच हवं. पण समुद्रात तेल जातं ते मुख्यतः अपघातानं नाहीच. रस्त्यावरचं, गॅरेजातलं, गटारातलं तेल पावसासोबत जातं. जहाजं वाटेत टाक्या धुतात ते जातं. २०२२ मध्ये उपग्रहचित्रांवरून केलेल्या एका अभ्यासानं सांगितलं की जगातल्या तवंगांपैकी ९४ टक्के माणसाच्या करणीचे आहेत. पूर्वी हा वाटा निम्म्याच्या थोडा वर समजला जायचा, बाकीचं खापर समुद्राच्या तळातून आपोआप पाझरणाऱ्या तेलावर फुटायचं. निसर्गाची एवढी बदनामी फुकटच झाली.

कोकणात आणि गोव्यात याचा पुरावा दरसाल पायाला चिकटतो. पावसाच्या तोंडावर नैर्ऋत्येचा वारा लागला की कळंगुटपासून जुहूपर्यंत डांबरगोळे येतात. तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेलं समुद्रात मळून मळून गोळा होतं. माणसं पायाला रॉकेल नाहीतर खोबरेल चोळतात आणि पुढे जातात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं या गोळ्यांची रासायनिक ओळखपरेड केली आहे. काही टँकरांच्या टाक्या धुतल्याचे निघाले, काही बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले. म्हणजे चोर कोण ते ठाऊक आहे, कुलशील ठाऊक आहे, येण्याचा महिनाही ठाऊक आहे. फक्त समन्स बजावायचं कुणावर, ते दर मे महिन्यात नव्यानं ठरवावं लागतं. किनाऱ्यावरचे गोळे हॉटेलवाले गिऱ्हाईक उठायच्या आत गोळा करून टाकतात, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. समुद्रातल्या गोळ्यांचं काय? प्रवाह जिथे एकमेकांना भिडतात त्या रेषांवर तरंगतं ते सगळं जमतं. शैवाल, प्लास्टिक, डांबर, आणि तिथेच आसरा घेणारी कासवांची पिल्लं. फ्लोरिडाजवळ पकडलेल्या पिल्लांच्या तोंडात आणि पोटात डांबर सापडल्याच्या नोंदी आहेत. कोकणातल्या वेळासला कासवाचं पिल्लू पाण्यात शिरलं की आपण टाळ्या वाजवतो आणि नाश्त्याला जातो.

२५ मे २०२५ ला कोचीसमोर एमएससी एल्सा-३ हे जहाज ६४० कंटेनर घेऊन बुडालं. केरळनं ९,५३१ कोटींचा दावा लावला. एवढा आकडा काढला याबद्दल केरळचं कौतुक करावं, कारण आकडा काढणं हेच या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम. नुकसान म्हणजे आधी होतं त्यातून आता आहे ते वजा. ‘आधी होतं ते’ कुणी मोजलंय? अलास्कात सुद्धा हेरिंगचा वाद या एका प्रश्नावर अडतो, आणि तिथे माशांची मोजदाद कैक वर्षं चालू होती. आपल्या खाडीत चौरस मीटरमागे किती शिवल्या होत्या, तिवरांखाली किती चिंबोऱ्या होत्या, हे गळती व्हायच्या आदल्या वर्षी मोजायला कुणाला अनुदान मिळतं? गळती झाल्यावर मात्र समिती येते, नमुने घेते, आणि ‘लक्षणीय बदल आढळला नाही’ असं लिहिते. खोटं नसतं ते. पहिला आकडाच नसेल तर बदल कुठून आढळणार?

समजा उद्या उरणकडच्या एखाद्या खाडीत तवंग आला आणि ओहोटीला चिखलात उतरून निवट्या-कालवं काढणारी बाई भरपाई मागायला गेली. तिच्याकडे बोटीचा नोंदणी क्रमांक नाही, कारण बोटच नाही. डिझेलची पावती नाही, लिलावाची चिठ्ठी नाही, कारण माल तिनं रस्त्याच्या कडेला बसून विकला. साहेब समजूतदार आहेत असंही धरू. ते विचारतील, गेल्या वर्षी या दिवसांत किती मिळायचं? ती म्हणेल, एक पाटी, कधी दीड. साहेब पेन उघडतील. अर्जात रकाना किलोचा असेल.